समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने बंदरांच्या संघाकडून काय शिकावे?

चिखलदऱ्याला आलेला पर्यटक गाविलगडावर जातो, शार्दूल दरवाजावरचे गंडभेरुंड मोबाइलमध्ये टिपतो आणि भीमकुंडाकडे निघतो. या किल्ल्याचा समुद्राशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. पण तो आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि त्याचबरोबर कटक प्रांत व बालासोरचे बंदरही गेले. कटक इंग्रजांनी त्याआधीच जिंकले होते. त्यावर शिक्कामोर्तब झाले ते या तहात. भोसल्यांचा समुद्रकिनारा कागदोपत्री गेला तो असा, सातपुड्याच्या पायथ्याशी.

बंदरावरच्या व्यापाऱ्याला, नावाड्याला किंवा त्या बंदरातून माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याला यात कोणी विचारले नाही. आपल्याकडे बंदरांचे भवितव्य बहुतेक वेळा असेच ठरले: दूर कुठे तरी, दुसऱ्याच्या सहीने. मध्ययुगीन युरोपात मात्र बंदरांच्या शहरांनी एकत्र येऊन आपले नियम आपणच केले होते. सुमारे चारशे वर्षे टिकलेल्या या संघाचे नाव हान्सा. त्याची गोष्ट वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाने समजून घ्यावी, असे मला वाटते. त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही तितकेच आहे.

हान्सा म्हणजे नेमके काय?

जर्मनीची विमान कंपनी लुफ्तहान्सा आपल्याला माहीत असते. त्यातला ‘हान्सा’ हा शब्द याच संघावरून आला. जुन्या जर्मन भाषेत त्याचा अर्थ जथा किंवा टोळी. हॅम्बुर्गच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर आजही ‘एचएच’ ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘हान्सा शहर हॅम्बुर्ग’ असा आहे.

संघाचे मुख्य शहर होते बाल्टिक समुद्राजवळचे ल्युबेक. ते ११४३ मध्ये वसले आणि १२२६ मध्ये त्याला सम्राटाच्या थेट अखत्यारीतील स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला. १२४१ मध्ये ल्युबेक आणि हॅम्बुर्ग यांनी दोन शहरांमधल्या वाटेवर चोर-दरोडेखोरांपासून एकमेकांच्या व्यापाऱ्यांचे रक्षण करण्याचा करार केला. एका समुद्रावरचे शहर आणि दुसऱ्या समुद्राकडे जाणारे शहर यांना जोडणारी ती वाट होती. पुढे एकेक शहर जोडले गेले. १३५६ मध्ये ल्युबेकला सर्व शहरांची पहिली मोठी सभा भरली. भरभराटीच्या काळात सुमारे ७० शहरे प्रमुख सभासद होती आणि लहानमोठी धरून ही संख्या दोनशेच्या आसपास जाई.

माल साधाच होता. ल्युनेबुर्गचे मीठ, स्कोनेच्या किनाऱ्यावरचे हेरिंग मासे, नॉर्वेचे सुकवलेले मासे, रशियाची लोकर असलेली कातडी आणि मेण, फ्लँडर्सचे कापड, प्रशियाचे धान्य. मीठ एकीकडे, मासे दुसरीकडे. दोन्ही एकत्र आले तरच मासळी टिकणार आणि विकली जाणार. ही जोडणी करणे हाच या व्यापाऱ्यांचा धंदा. लंडन, ब्रुज, बर्गेन आणि नोव्गोरोद या चार ठिकाणी संघाच्या मोठ्या पेढ्या होत्या.

फौज नाही, तिजोरी नाही. मग संघ चालायचा कसा?

संघाला राजा नव्हता, कायमची फौज नव्हती, स्वतःचे आरमार नव्हते आणि सामाईक खजिनाही नव्हता. वेळ पडली की शहरे आपापली जहाजे आणि पैसा देत. कायमस्वरूपी अधिकारी म्हणता येईल असा माणूस संघाने नेमला तो थेट १५५६ मध्ये, म्हणजे उतरती कळा लागल्यावर.

तरीही या संघाने राजांना नमवले. १२८४ मध्ये नॉर्वेशी वाद झाला तेव्हा शहरांनी नॉर्वेला धान्य पाठवणे बंद केले. नॉर्वे बाहेरच्या धान्यावर अवलंबून होता. उपासमार सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या राजाला तडजोड करावी लागली. १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याने व्हिस्बी हे शहर घेतले. १३६७ मध्ये शहरांनी कोलोन येथे युती केली आणि युद्ध जिंकले. १३७० च्या श्ट्रालझुंडच्या तहाने स्कोने किनाऱ्यावरचे चार किल्ले पंधरा वर्षांसाठी संघाच्या ताब्यात आले आणि तिथल्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटाही मिळाला. व्यापाऱ्यांनी राजाकडून किल्ले घेतल्याची अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

ही ताकद आली कुठून? माझ्या मते ती नियमातून आली. एका शहराच्या व्यापाऱ्याला परदेशात जी सवलत मिळे, ती संघातल्या इतर शहरांच्या व्यापाऱ्यांनाही मिळे. मालाचा दर्जा ठरलेला असे, मापे तपासली जात आणि खराब माल देणाऱ्याला दंड होई. त्यामुळे गिऱ्हाइकाला मालाचा भरवसा वाटे आणि राजाला कळे की एकाशी भांडण काढले तर सगळ्यांशी निघणार आहे.

एखादे शहर फुटले तर?

प्रत्येक संघाची खरी परीक्षा इथे होते. १२८४ च्या नाकेबंदीत ब्रेमेन सामील झाले नाही. बाकीच्यांनी माल रोखला असताना आपण विकला तर भाव चांगला मिळेल, हा मोह कुठल्याही व्यापाऱ्याला होईल असाच आहे. पण संघाने ब्रेमेनला बाहेर काढले. ते शहर संघात परत आले ते १३५८ मध्ये, तब्बल सत्तरहून अधिक वर्षांनी. कोलोनसारख्या बड्या शहरालाही सोडले नाही. इंग्लंडशी वाद चालू असताना कोलोनने इंग्लंडची बाजू धरली, म्हणून १४७१ मध्ये त्याला काढले. पाच वर्षांनी ते परतले.

बाहेर काढणे म्हणजे त्या शहराच्या व्यापाऱ्याला परदेशातली पेढी बंद, सवलत बंद, इतर शहरांशी व्यवहार बंद. तलवार न उपसता केलेली ही शिक्षा होती. ती चालली, कारण ती करण्याइतकी बाकीची शहरे एकत्र राहिली. पुढे ही एकी सुटत गेली. १४९४ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोव्गोरोदची पेढी बंद केली. १५९८ मध्ये एलिझाबेथ राणीने लंडनची पेढी बंद केली. डच जहाजे स्वस्तात माल वाहू लागली. किनाऱ्यावरच्या शहरांना डच हवे होते, ल्युबेकला नको होते. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा झाला. १६६९ मध्ये शेवटची सभा भरली तेव्हा मोजकीच शहरे आली.

मग हा संघ आदर्श होता का?

नाही, आणि इथे वऱ्हाडच्या वाचकाने थांबून विचार करावा. हान्सा हा व्यापाऱ्यांचा संघ होता, माल पिकवणाऱ्यांचा किंवा पकडणाऱ्यांचा नव्हता.

नॉर्वेतील बर्गेनच्या धक्क्यावर ब्रुगेन नावाची लाकडी घरांची रांग आहे. आज ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि पर्यटक तिथे फोटो काढतात. १३६० च्या सुमारास या ठिकाणी हान्साची पेढी रीतसर सुरू झाली आणि १७५४ पर्यंत चालली. उत्तर नॉर्वेचे मच्छीमार सुकवलेले मासे घेऊन शेकडो मैल होड्या वल्हवत इथे येत. व्यापारी त्यांना धान्य आणि जरुरीच्या वस्तू उधार देत. बदल्यात पुढच्या हंगामाचे मासे त्याच व्यापाऱ्याला घालायचे. मासे कमी आले की बाकी पुढच्या वर्षावर. कर्ज फिटत नसे आणि कर्ज असेपर्यंत दुसऱ्याला माल विकता येत नसे.

कृषी केंद्रातून बी-बियाणे, खत, औषध उधारीवर उचलायचे आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस त्याच्याच ओळखीच्या खेड्या-खरेदीवाल्याला घालायचा, हे ज्याने पाहिले आहे, त्याला बर्गेनची गोष्ट परकी वाटणार नाही. त्या मच्छीमारासाठी ल्युबेकच्या सभेत खुर्ची नव्हती. संघ कितीही बलवान असला तरी त्यात बसते कोण, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कोकणातल्या बंदरांनी असा संघ का केला नाही?

आपल्याकडे बंदरे कमी नव्हती. इ. स. १०९४ चा शिलाहार राजा अनंतदेवाचा खारेपाटणचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात दोन व्यापारी भावांच्या मालवाहतुकीला श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुली म्हणजे चौल आणि नागपूर नावाचे कोकणातलेच एक बंदर या ठिकाणी जकात माफ केली आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी कोकणची बंदरे एका जकात व्यवस्थेत बांधलेली होती. पण ही माफी राजाने दिलेली होती. बंदरांनी आपसात केलेला तो करार नव्हता. जे राजा देतो ते राजा काढूनही घेतो.

व्यापाऱ्यांचे संघ मात्र दक्षिणेत होते. ऐहोळे गावाचे नाव सांगणारा ‘अय्यावोळे पाचशे’ हा संघ कर्नाटक, तामिळनाडूपासून थेट सुमात्रा बेटापर्यंत पोहोचला होता. कोल्हापूर-मिरजेच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखांतही या वीर बणंजू व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांच्याकडे एकी होती, कायदे होते, रखवालदार होते. पण शहरांचा कारभार त्यांच्या हातात नव्हता. तो राजाकडेच राहिला.

याची किंमत पोर्तुगीज आल्यावर कळली. मार्च १५०८ मध्ये चौलजवळ इजिप्त आणि दीव यांच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्यात मारला गेला. एकत्र आले तर काय होते, ते दिसले. पण ही एकी टिकली नाही. त्याच वर्षी डिसेंबरअखेर अल्मेडाने आदिलशाहीचे दाभोळ जाळले. तेव्हा निजामशाहीचे चौल मदतीला गेले नाही. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई पोर्तुगीजांनी जिंकली. त्यानंतर आपल्याच समुद्रात आपल्याच जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेऊन फिरावे लागू लागले. १५२१ मध्ये तर निजामशहाच्या परवानगीनेच चौलला पोर्तुगीज किल्ला उभा राहू लागला.

पुढे १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला, निजामशहाने चौलला आणि कालिकतच्या सामुतिरीने चालियमला वेढा घातला. चालियम पडले, गोवा आणि चौल टिकले. एवढी मोठी युती झाली, पण ती राजांची होती. ज्या बंदरांसाठी ती होती, ती बंदरे त्यात नुसती पटावरची सोंगटी होती.

वऱ्हाडाचा यात काय संबंध?

त्या युतीच्या यादीत एक नाव नाही: वऱ्हाडची इमादशाही. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने स्वतंत्र केलेल्या या राज्याची राजधानी एलिचपूर म्हणजे अचलपूर. गाविलगड आणि नरनाळा हे त्याचे आधार. निजामशाहीकडे चौल होते, आदिलशाहीकडे दाभोळ. वऱ्हाडाकडे बंदर नव्हते. १५७४ मध्ये निजामशहाने हे राज्य गिळले. त्याला समुद्र नसणे हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण बाहेरचा माल आणि बाहेरचा पैसा दुसऱ्याच्या दारातून येणार, ही वऱ्हाडाची अडचण तेव्हापासूनची आहे.

कापसाने ती अडचण जगाला दाखवली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलला अमेरिकी कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. अमरावती, खामगाव, अकोल्याच्या बाजारातला भाव हजारो मैलांवरच्या बंदरात ठरतो, हे इथल्या शेतकऱ्याला तेव्हा पहिल्यांदा कळले.

याच प्रदेशाने देशाला एक नवी गोष्टही दिली. १८८६ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा खास कायदा झाला. ठरलेली जागा, तपासलेली मापे, ठरलेली दलाली. हान्साच्या शहरांनी जे नियम केले, त्याच जातीचे हे नियम. पण त्या बाजार समितीत व्यापारी बसत आणि नगरपालिकेचे सदस्य बसत. कापूस पिकवणारा बसत नसे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने याच उणिवेवर बोट ठेवले. बर्गेनची खुर्ची कारंज्यातही रिकामीच होती. आजच्या बाजार समित्यांत शेतकऱ्याला जागा आहे, हा फरक मोठा आहे. ती जागा तो कशी वापरतो, हा पुढचा प्रश्न.

एकाधिकार खरेदी का ढासळली?

१९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. कल्पना अशी की राज्यातला सगळा कापूस एकाच दाराने विकला तर व्यापाऱ्याला भाव पाडता येणार नाही. सुरुवातीला तिने शेतकऱ्याला आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. पण एकाधिकार होता फक्त महाराष्ट्रात. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेत बाजार खुला होता. तिकडे भाव चढला की आपला कापूस रातोरात सीमेपलीकडे जाई. तिकडे पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येई. चुकारे रखडत, तोटा वाढत गेला. २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि योजना नावापुरती उरली.

ही ब्रेमेनचीच गोष्ट आहे. फरक एवढाच की ब्रेमेनला शिक्षा करणारी सभा होती, आपल्याकडे नव्हती. वरून लादलेली एकी हुकमाने चालते. हुकूम जिथे संपतो तिथे तीही संपते.

आज काय करता येईल?

समुद्राचे दार आजही दुसऱ्याच्याच हातात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क आले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झाले आणि ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे वऱ्हाडात कापूस वेचणीला येतो, नेमक्या त्याच काळात बाहेरचा कापूस बिनशुल्क बंदरात उतरू शकत होता. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे त्यांच्या बाजूने समजण्यासारखे आहे. पण ज्याचा भाव यात पणाला लागतो, त्याला आधी विचारले गेले पाहिजे. आणि विचारले जावे असे वाटत असेल, तर एका आवाजात बोलणारे कोणी तरी असले पाहिजे.

सगळ्या वऱ्हाडाचा एक प्रचंड संघ करा, असे मी सुचवत नाही. ल्युबेक आणि हॅम्बुर्ग यांनी सुरुवात केली ती एका वाटेच्या राखणीने. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी जिनिंग आणि बाजार समित्या यांनीही चार साध्या गोष्टींत एक नियम करावा: ओलावा, प्रत, वजन आणि चुकारा. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे गाडी परत. हे माप गावातच, सर्वांच्या देखत झाले, कवडी कापूस वेगळा निघाला आणि वीस गावांनी एकाच प्रतीच्या गाठी विकायला काढल्या, तर गिरणीवाला स्वतः फोन करील. आणि जो सभासद मधेच पळून ओला कापूस मिसळेल किंवा चोरून विकेल, त्याला एका हंगामासाठी बाहेर ठेवण्याची हिंमतही लागेल. त्याच्याशिवाय संघ होत नाही, नुसता फलक होतो.

आक्षेप मला माहीत आहे. ल्युबेकच्या व्यापाऱ्याकडे थांबण्यापुरता पैसा होता. आपल्या शेतकऱ्याला सोसायटीचे कर्ज, पोरांची फी आणि घरातले लग्न थांबू देत नाही. हे खरे आहे. म्हणूनच भावाच्या एकीआधी उधारीची सोय व्हावी लागेल. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ती किती समित्या मनापासून चालवतात, हे सभासदांनी पुढच्या निवडणुकीत विचारावे.

आणि हे होऊ शकते, याचा दाखला चिखलदऱ्याच्या डोंगराखालीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडे वाढवली आणि तिथली सीताफळे एका नावाने, एका दर्जाने मुंबईपर्यंत विकली. विदर्भातल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा लिलाव एकत्र येऊन करतात. या सभांमध्ये पान तोडणारा माणूस स्वतः बसलेला असतो. हान्साच्या चारशे वर्षांत जे झाले नाही, ते इथल्या काही गावांनी करून दाखवले आहे. कापसाच्या गावांनी निदान ते पाहून यावे. गाविलगडाला जाण्याच्या वाटेवरच आहे.